ठोका जरा मागे पडतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

माझे बालपण बेळगावच्या वडगावात गेले. तिथे रात्री झोप लागायची तीच मुळी यंत्रमागांच्या खडखडाटात. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे दोन माग होते. दोघांची गती जवळजवळ सारखी होती, पण अगदी सारखी नव्हती. त्यामुळे काही वेळ दोन्ही ठोके एकावर एक पडत, मग एक ठोका हळूहळू मागे सरके, दोघांच्या मधे एक लंगडी चाल तयार होई आणि थोड्या वेळाने ते पुन्हा एकत्र येत. अंथरुणात पडल्या पडल्या ते एकत्र येण्याची वाट पाहणे हा माझा रोजचा खेळ होता. ही आठवण सांगण्याचे कारण असे की, हिप-हॉपमधल्या ज्या आडवाटेच्या अल्बमांविषयी मी आज बोलणार आहे, त्यांचा जीव माझ्या मते शब्दांहूनही अधिक या मागेपुढे होणाऱ्या ठोक्यात आहे.

डेट्रॉइटच्या जे डिला या संगीतकाराचा ‘डोनट्स’ हा अल्बम मी प्रथम ऐकला, तेव्हा मला ते दोन माग आठवले. ड्रम मशीनमध्ये प्रत्येक ठोका आपोआप काटेकोर मात्रेवर बसवण्याची सोय असते. डिलाने ती सोय अनेकदा बाजूला ठेवली आणि एखादा ठोका मुद्दाम किंचित उशिरा, एखादा किंचित आधी पडू दिला. ऐकताना पाय टेकतो तिथे जमीन थोडी खाली असल्यासारखे वाटते, पण तोल मात्र जात नाही. त्याचे ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे. ‘डोनट्स’मध्ये कोणी रॅप करत नाही, म्हणजे तालावर शब्द बोलत नाही; जुन्या गाण्यांचे तुकडे कापून, उलटसुलट जोडून केलेल्या 31 छोट्या रचना त्यात आहेत. हा अल्बम 7 फेब्रुवारी 2006 रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तिसऱ्याच दिवशी दीर्घ आजाराने तो गेला. या योगायोगामुळे अनेक जण हा अल्बम डोळे ओले करून ऐकतात. मला तो दुःखी वाटत नाही. त्यात खोडकरपणाच जास्त आहे.

‘पण या रॅप करणाऱ्यांचे इंग्रजी कळते का?’ असे मला नेहमी विचारले जाते. पहिल्या फेरीत अर्धे कळत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र आपण सीमाभागातील माणसे अर्धवट कळण्याला फारसे बिचकत नाही. जत्रेत गीगी पदांचा, म्हणजे कन्नड लोकगीतांचा, सामना रंगतो, हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष एकमेकांना कोडी घालतात, आणि कन्नड जेमतेम समजणारा मराठी माणूसही पहाटेपर्यंत जागचा हलत नाही. कोण अडला आणि कोणी बाजी मारली, हे त्याला आवाजाच्या चढावरून नेमके कळते. आपल्या कलगी-तुऱ्यातील भेदिक ऐकलेल्यांना तर अर्थ दडवून ठेवण्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

ही दडवादडवी एमएफ डूमइतकी कोणाला साधली नाही. धातूचा मुखवटा घालून वावरणाऱ्या या कवीने मॅडलिब या संगीतकाराबरोबर 2004 साली ‘मॅडव्हिलनी’ केला. अल्बम पुरा होण्याआधीच त्याची कच्ची प्रत बाहेर फुटली होती. पक्क्या अल्बममध्ये डूमचा आवाज त्या कच्च्या प्रतीपेक्षा बराच संथ आणि थकल्यासारखा आहे, आणि माझ्या मते त्या थकव्यानेच अल्बम तारला. ओळीच्या शेवटीच नव्हे, तर पोटातही यमके खेळवायची, आणि ती पानाला चुना लावावा तितक्या सहजपणे. ध्रुवपद जवळपास कुठेच नाही. गाणे मनात भरते न भरते तोच संपते. जाता जाता सांगतो, याच मॅडलिबने 2007 साली हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे घेऊन एक संपूर्ण अल्बम केला. तो मजेदार आहे, पण माल ओळखीचा असल्यामुळे आपल्या कानांना त्याचे फारसे नवल वाटत नाही.

आता थोडे कडू बोलतो. प्रयोग म्हणजे कर्कशपणा, असा एक समज या क्षेत्रात आहे. डेथ ग्रिप्स या अमेरिकी गटाच्या 2012 सालच्या ‘द मनी स्टोअर’चा दबदबा मोठा आहे, परंतु मला तो सलग ऐकवत नाही; सतत ओरडणाऱ्या माणसाचे ओरडणे काही वेळाने ऐकू येईनासे होते. उलट कॅनिबल ऑक्स या न्यूयॉर्कच्या जोडीच्या ‘द कोल्ड व्हेन’मध्ये, 2001 साली, एल-पी या संगीतकाराने रचलेला गोंगाट गंजलेल्या लोखंडासारखा असूनही त्यात मोकळ्या जागा आहेत. त्या जागांतून थंडीने गारठलेले शहर आणि त्यातली कबुतरे दिसतात.

अर्ल स्वेटशर्ट या अमेरिकी रॅपरचा 2018 सालचा ‘सम रॅप साँग्ज’ पंचवीस मिनिटांच्या आत संपतो. त्यात एके ठिकाणी त्याच्या आईच्या भाषणातले बोल आणि दक्षिण आफ्रिकी कवी असलेल्या त्याच्या वडिलांचे काव्यवाचन एकमेकांत गुंफले आहे. आईवडील विभक्त झालेले. मुलाने त्यांना ध्वनिमुद्रणात शेजारी बसवले. अल्बम प्रसिद्ध होण्याच्या आधीच, त्याच वर्षी वडील वारले. तो भाग मी क्वचितच ऐकतो.

सर्वांत जवळचा मात्र मला ‘का’ (Ka) नावाचा रॅप करणारा कवी वाटतो. त्याचे नाव एवढेच, एका अक्षराचे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात नोकरी करत त्याने स्वतःचे अल्बम स्वतःच काढले; 2024 साली तो वारला. त्याच्या 2016 सालच्या ‘ऑनर किल्ड द सामुराई’मध्ये ढोलाचा ठोका बहुतेक ठिकाणी काढूनच टाकला आहे. उरतो तो तंतुवाद्याचा एखादा फिरता तुकडा आणि कानाशी बोलावे तसा खालचा आवाज. आमच्याकडे रात्री लाईट गेली की दोन्ही माग घरंगळत थांबत, आणि मग भिंतीपलीकडे विणकर काका कांडी बदलताना पुटपुटत ते अगदी स्पष्ट ऐकू येई. ठोका बंद झालेला असे, तरी त्यांचे पुटपुटणे मागाच्याच चालीत चाललेले असे. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, कारण त्या पुटपुटण्यातले निम्मे तिथे हरवते. हेडफोन लावून, घरातला टीव्ही बंद झाल्यावर ऐका.