तीन दिवसांची शर्यत आणि सोबतची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या दिवशी समुद्रात १० किलोमीटर पोहायचं आणि बाहेर येऊन लगेच १४५ किलोमीटर सायकल चालवायची. दुसऱ्या दिवशी नुसती सायकल, २७६ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी ८४ किलोमीटर धावायचं. रोज बारा तासांची मुदत. ‘अल्ट्रामॅन’ या शर्यतीचा हा आराखडा. १९८३ साली हवाईच्या मोठ्या बेटावर ती सुरू झाली आणि पुढे फ्लोरिडात, ऑस्ट्रेलियात याच धर्तीवर होऊ लागली. आपल्या नकाशावर मांडून बघा. गेटवेपासून घारापुरीपर्यंत पोहत जायचं आणि मग पुण्याइतकी सायकल. दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघून सातारा मागे टाकायचं. तिसऱ्या दिवशी मुंबईहून लोणावळा गाठायचं, तेही धावत.

आपल्या दादरमध्ये वाढलेले मिलिंद सोमण यांनी २०१७ साली, वयाच्या ५१व्या वर्षी, फ्लोरिडातली ही शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून ‘मलाही जायचंय’ म्हणणारे मला सतत भेटतात. सराव कसा करायचा हे सांगणारे प्रशिक्षक आता मुंबईत आहेत, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. मी अशा शर्यतीत सोबतच्या गाडीतून गेलेली बाई आहे. मला बोलायचंय ते इथून निघण्याच्या तयारीबद्दल, आणि त्यातही सोबत जाणाऱ्या माणसांबद्दल.

या शर्यतीत एकट्याने उतरताच येत नाही. पोहणं, सायकल, धावणं असं सगळं एकाच दिवसात असलेल्या ‘आयर्नमॅन’ शर्यतीत रस्त्यात ठिकठिकाणी आयोजकांची टेबलं असतात, तिथे पाणी मिळतं, केळी मिळतात. इथे तुमचं पाणी, तुमचं खाणं, तुमचे कोरडे मोजे, सगळं तुमच्याच गाडीत, तुमच्याच माणसांच्या हातात. त्यांना ‘क्रू’ म्हणतात. गाडी पुढे जाते, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून थांबते, सायकलवाला येईपर्यंत बाटली भरून तयार ठेवते, तो पुढे गेला की पुन्हा निघते. सायकलच्या शेजारून गाडी चालवत राहणं नियमात बसत नाही. दिवसातून कितीतरी वेळा हे असंच चालतं, तीन दिवस.

तर माणसं कोण न्यायची? आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: बायको किंवा नवरा, आणि एखादा भाऊ. घरचं माणूस हवंच. तुम्ही न बोलता तुमचा चेहरा त्यालाच वाचता येतो. पण सगळी घरचीच नेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. आपला माणूस कळवळताना बघून घरच्यांचा निर्णय डळमळतो. कुणी लवकर घाबरतं, कुणी थांबवायच्या वेळीही थांबवत नाही. एक माणूस असा हवा की जो तुमच्यावर जीव लावतो आणि तरीही तुम्हाला ‘बास’ म्हणू शकतो. बरोबर सराव करणारा मित्र, पोहण्याच्या तलावावरची मैत्रीण, असं कुणीतरी. थांबवायचा अधिकार कुणाचा, हे मुंबईत असतानाच ठरवा आणि सर्वांसमोर बोलून ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी साठाव्या किलोमीटरला खेळाडूच्या मताला फारसा अर्थ उरलेला नसतो.

आणि पैशांचं. सोबत येणाऱ्याचं तिकीट, राहणं, व्हिसा हा खर्च खेळाडूने उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो माणूस आपली रजा खर्च करतो, तीन रात्री अर्धवट झोपतो आणि समुद्रकिनाऱ्यावर फिरायलाही त्याला फुरसत मिळत नाही. हे बोलणं अवघड जातं म्हणून लोक टाळतात आणि मग परदेशात, भाड्याच्या गाडीत, नको त्या वेळी ते निघतं.

गाडीतली व्यवस्था लग्नघरातल्या कोठीसारखी ठेवावी: किल्ली एकाकडे. एकाने गाडी चालवायची, एकाने खाण्यापिण्याचं आणि वहीचं बघायचं. निदान दोन माणसं लागतात, तिसरं असलं तर कुणाला तरी डुलकी काढता येते. वही म्हणजे साधी शंभर पानी वही. किती वाजता किती पाणी दिलं, मीठ किती गेलं, काय खाल्लं, काय परत केलं, लघवीला शेवटचं कधी गेला, बोलण्यात फरक पडलाय का, हे सगळं तिच्यात लिहायचं. मोबाइलमध्ये लिहिता येईल, पण ओल्या हातांनी आणि उन्हात स्क्रीनवर लिहिणं त्रासाचं होतं.

ही वही का हवी, ते सांगते. अशा शर्यतीत पाणी कमी पडण्याची भीती सर्वांना असते, पण जास्त झालेल्या पाण्याचा धोकाही तेवढाच खरा आहे. घामातून मीठ जात राहतं, वरून नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं. बोटं सुजतात, घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, मळमळतं, डोकं दुखतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी प्रेमाने आणखी एक बाटली पाणी पाजणं म्हणजे संकट वाढवणं. हा माणूस तहानलेला आहे की पाण्याने भरलाय, याचा अंदाज वही देते. शंका आली की पाणी थांबवा आणि शर्यतीच्या डॉक्टरांना गाठा. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीर कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आपल्याकडे त्या पटकन दिल्या जातात. गाडीतल्या माणसाला ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे.

सोबतच्या माणसांचाही सराव घ्या. शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस ठरवा. पहाटे तीनला सायकलने निघून नाशिक रस्त्याने कसाऱ्यापर्यंत जाऊन या, सोबत तीच गाडी, तीच माणसं, तेच डबे. सायकल न थांबवता बाटली हातात देणं दिसतं तेवढं सोपं नाही. देणाऱ्याने थोडं बरोबर धावावं लागतं आणि बाटली वरून धरावी लागते. पोहतानाही तसंच. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक छोटी होडी असते आणि तिच्यातून खाणं मिळतं, पण होडीला धरून पुढे सरकायचं नाही. शिवाजी पार्कच्या पन्नास मीटरच्या तलावात दहा किलोमीटर म्हणजे दोनशे फेऱ्या होतात, त्या जमतील. पण पाण्यात उताणं पडून, कुठेही हात न टेकता पेज प्यायची सवय तलावात आपोआप होत नाही, ती मुद्दाम करावी लागते. पावसाळ्यात आपला समुद्र बंदच असतो. हवाईची शर्यत नोव्हेंबरच्या अखेरीस असते, म्हणजे समुद्रातल्या सरावाला ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे थोडे दिवस एवढेच हाती राहतात. हे गणित जानेवारीतच मांडा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. खेळाडूबरोबर प्रत्येक सोबत्याचा व्हिसा आधी, परत न मिळणाऱ्या पैशांचं तिकीट नंतर. अमेरिकेच्या व्हिसाला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळायला खूप दिवस लागू शकतात. शर्यतीत नाव नक्की झाल्याचं पत्र आणि त्यात सोबत्यांची नावं आयोजकांकडून मागून घ्या. गाडी चालवणाऱ्याने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवावं. ते आपल्या आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतं आणि वर्षभर चालतं. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. अमेरिकेत उजवीकडून, म्हणून तिथे निदान दोन दिवस आधी हात बसवून घ्यायला हवा. गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर आणि त्याच्याच क्रेडिट कार्डावर भाड्याने घ्या. सायकल खोलून भरलेली पेटी मागच्या बाजूला मावते का, हे इंचांत विचारा.

विम्याचा कागद नीट वाचा. प्रवासी विम्यात बहुतेक वेळा स्पर्धात्मक आणि धाडसी खेळ वगळलेले असतात. ‘चालेल, काही होत नाही’ हे एजंटचं तोंडी उत्तर घेऊ नका. शर्यतीचं नाव लिहून ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा.

आता सायकल. ती खोलून पेटीत भरायची, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर ते आणखी आवळेल. सीटच्या दांडीवर उंचीच्या जागी चिकटपट्टी लावा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर मोजत बसावं लागणार नाही. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर दोन्ही पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी घाला. प्रवासात ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, सोडवून, गुंडाळून चौकटीच्या आत बांधा. ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर ते बसतं, त्या हँगरचा एक जादा नग जवळ ठेवाच. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो. पेटीवर काही जड पडलं की पहिला वाकतो तोच, आणि परक्या गावातल्या दुकानात तुमच्या सायकलचा मिळेलच असं नाही. हा छोटासा तुकडा मी सगळ्यांना इतक्या वेळा सांगते, कारण त्याच्यावाचून वर्षभराची तयारी हॉटेलच्या खोलीत अडकून पडू शकते.

हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आणि स्प्रेचं वंगण तिथेच विकत घ्या, विमानतळावर वाद घालू नका. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. बूट, हेल्मेट, गॉगल आणि औषधंही हातातल्या सामानात, कारण उसनी सायकल एक वेळ मिळेल, तुमच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत. सायकल नेणार असल्याचं विमान कंपनीला तिकिटाबरोबरच कळवा आणि त्यांचं उत्तर छापून ठेवा. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच पेटी ताब्यात घेऊन पुढच्या विमानासाठी परत द्यावी लागते. म्हणून दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा.

खाण्याचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण आपण मराठी माणसं परदेशी निघालो की आधी डबे भरतो. मऊ भात, मीठ घातलेला उकडलेला बटाटा, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, कोकमाचं पाणी, हे सगळं लांबच्या शर्यतीत उत्तम चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ताकदीसाठी पुडीतून चोखायच्या गोड जेलची शिसारी येते तेव्हा खारट भात खाली उतरतो. पण तांदूळ आणि कडधान्यं इथून नेऊ नका. खापरा नावाचा धान्यातला किडा आहे, त्याच्या भीतीने भारतातून प्रवाशाच्या सामानात आलेला तांदूळ अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे आत येऊ देत नाहीत. तांदूळ तिथल्या दुकानात मिळतो. ऑस्ट्रेलियात दुधाचे पदार्थ, बिया, ताजी फळं यांवरही कडक नियम आहेत. सायकलच्या टायरला आणि बुटांच्या तळाला माती चिकटलेली असली तरी अडवतात, म्हणून निघण्याआधी टूथब्रशने घासून धुवा. जे नेलं असेल ते विमानातल्या कार्डावर लिहून जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला मोठा दंड आहे. मीठ-साखरेच्या पुड्या मूळ वेष्टनातच असू द्या, साध्या पिशवीतली पांढरी पावडर कुणालाच आवडत नाही. भातासाठी इथला इलेक्ट्रिक कुकर नेलात तर ऑस्ट्रेलियात प्लग बदलून चालेल. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, तिथे तो धड तापणारही नाही.

हवेचा फरक दोन्हीकडे वेगळा. हवाईतलं ऊन आणि दमट हवा मुंबईकराला ओळखीची वाटेल, पण लाव्हाच्या काळ्या पठारावरून येणारा आडवा वारा नवा असतो. ऑस्ट्रेलियातल्या नूसाला शर्यत मे महिन्यात असते. तिथला उन्हाळा तेव्हा सरलेला असतो आणि आपण इथल्या घामातून उठून जातो, तेव्हा पहाटेच्या गारव्यासाठी हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या आणि पातळ जाकीट न्या. नूसाची वेळ आपल्यापुढे साडेचार तास, चार-पाच दिवस आधी पोहोचलात तर झोप बसते. हवाई आपल्यामागे साडेपंधरा तास आहे. तिथे निदान आठवडाभर आधी जा, सोबत्यांसकट. झोप न झालेला माणूस उजव्या बाजूच्या रस्त्यावर गाडी चालवतोय, हे मला अजिबात चालणार नाही.

शेवटी परतीचं. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी विमानात बसू नका. पाय सुजलेले, शरीर कोरडं, आणि वर कितीतरी तास एका जागी बसणं, यात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन दिवस चाला, प्या, झोपा. परत निघताना सायकल खोलून पेटीत भरायची ती सोबत्यानेच, कारण खेळाडूच्या बोटांत तेव्हा पाना धरण्याइतकी ताकद असेलच असं नाही. म्हणून मुंबईत पेटी भरताना त्यालाही शेजारी बसवून सगळं स्वतःच्या हाताने एकदा करायला लावा. आणि जाताना मुंबई विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर सायकल दाखवून, चौकटीचा क्रमांक लिहून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना ही महागडी सायकल तिकडून विकत आणली का, असा प्रश्न आला तर दाखवता येतं. त्यासाठी विमानतळावर तासभर लवकर जा आणि तो कागद पासपोर्टबरोबर ठेवा.

नमस्कार.