तेल वरून येतं

(पडद्यावर : पहाटेचा अंधार. अंगणात कांद्यानं भरलेली पांढरी पिकअप. गाडीखाली पुठ्ठा.)

उन्हाळ कांद्याचे दिवस. निफाड तालुक्यात या दिवसांत झोप कमीच. गाडी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायची आणि उजाडायच्या आत लासलगावच्या रांगेत लावायची. आमची ही पिकअप २००७ सालची. तेव्हापासून ती हेच काम करते. कांदा, टोमॅटो, कधी खताच्या गोण्या, एकदा तर आत्याच्या लग्नाचं सगळं रुखवत.

स्टार्टर मारायच्या आधी नाना, म्हणजे माझे वडील, एक काम करतात. खाली वाकून तो पुठ्ठा ओढून बघतात.

(पडद्यावर : पुठ्ठ्यावरचे काळे डाग, अगदी जवळून.)

सात डाग. नाना बोटानं एक पुसतात, अंगठ्यावर चोळतात, वास घेतात. गिअरबॉक्सचं तेल असतं तर जाड लागलं असतं आणि गंधकासारखा उग्र वास आला असता. कूलंट असतं तर पाण्यासारखं पसरलं असतं. हे काळं आहे, पातळ आहे. डिझेल इंजिनात नवं तेल टाकलं तरी काजळीनं ते थोड्याच दिवसांत असं होतं. म्हणजे इंजिनाचंच.

डाग पडतात ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, बरोबर त्या सांध्याखाली. इथेच गेल्या वर्षी आम्ही फसलो. एका गॅरेजात गाडी दाखवली. खालून बघून निदान झालं, "क्रँकचं मागचं सील गेलंय." ते सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी, बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो. सील छोटं, मजुरी मोठी. तीन दिवस गाडी तिथे उभी होती आणि ऐन हंगामातले दोन लिलाव हुकले. पंधरा दिवसांनी पुठ्ठ्यावर त्याच जागी पुन्हा डाग. नाना तेव्हा काही बोलले नाहीत. फक्त गाडीत तेलाचा एक लिटरचा डबा कायमचा ठेवला.

रोज डिपस्टिक बघायची, कमी असेल तर भरायचं. असं वर्ष निघालं. पण यात एक धोका आहे, तो गाडीवाल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत तेल किती उरलं ते सांगत नाही, तेलाचा दाब पडल्याचं सांगतो. तो चालत्या गाडीत लागला म्हणजे बेअरिंगांना तेल मिळणं आधीच कमी झालेलं असतं. शिवाय ही गाडी मालवाहू. आठ वर्षांनंतर तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, दर वर्षी करावं लागतं, आणि तेल गळणारी गाडी पासिंगला नेताना नानांच्या जिवाला घोर.

(पडद्यावर : दुपार. बॉनेट उघडं. साठीतले मिस्त्री इंजिनावर वाकलेले.)

आमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक मिस्त्री आहेत. आता हात थरथरतात म्हणून काम घेत नाहीत. नानांनी त्यांना चहाला बोलावलं. चहा ओट्यावरच राहिला, मिस्त्री सरळ गाडीकडे गेले.

"नाना, धुतली का कधी?"

"गाडी? दर रविवारी धुतो की."

"गाडी नाही. इंजिन."

इंजिनावर वर्षांची धूळ आणि तेल मिळून काळा थर बसला होता, बोटाच्या पेराएवढा. त्या थरात तेल कुठून निघालं हे ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. तेल खाली ओघळतं, आणि गाडी पळत असताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून गळती जिथे दिसते, तिच्या वर आणि पुढे शोधायची.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. बॅटरीची वायर काढली, अल्टरनेटरवर आणि हवेच्या पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधलं. मग डिझेल आणि ब्रश. थर पातेल्यातल्या करपलेल्या दुधासारखा पापुद्र्यांनी सुटत होता. खाली घमेलं ठेवलं होतं, कारण वापरलेलं तेल आणि हे धुवण मातीत जाऊ द्यायचं नाही. शेतात तर नाहीच. वापरलेलं इंजिन ऑइल आपल्या कायद्यात घातक कचऱ्यात मोडतं. आम्ही ते डब्यात साठवून जुनं तेल रीतसर जमा करणाऱ्याकडे देतो.

इंजिन उन्हात चांगलं वाळवलं. संध्याकाळी मिस्त्रींनी आईकडे पावडरचा डबा मागितला. साधी अंगाला लावायची टाल्कम पावडर. इंजिनाच्या मागच्या बाजूला ती भुरभुरली, प्लॅस्टिक सोडलं, पुन्हा वायर जोडली आणि गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवली.

"पोरी, टॉर्च धर. इथे, मागच्या कोपऱ्यात."

(पडद्यावर : पांढऱ्या पावडरीवर उतरत जाणारी एक काळी रेघ.)

हीच ती रेघ. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून निघते, त्याखालच्या हेडच्या कडेनं उतरते, गिअरबॉक्सच्या सांध्यावर येऊन थांबते आणि तिथून खाली टपकते. सांध्याच्या आतून, सीलच्या बाजूनं तेल येत नव्हतं. म्हणजे ज्या गळतीसाठी खालून गिअरबॉक्स उतरवला होता, ती इंजिनाच्या डोक्यावर होती. वरून, दहा नंबरच्या पान्यानं उघडता येईल अशा जागी.

नाना बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

(पडद्यावर : सकाळ. चादरीवर ओळीनं मांडलेले बोल्ट.)

टॅपेट कव्हर काढलं. कव्हर आणि हेडच्या मधलं जुनं पॅकिंग हातात घेऊन नानांनी वाकवलं, तर ते कट्कन मोडलं. रबराचं पॅकिंग नवं असताना मऊ असतं, दाबलं की पसरून फट बुजवतं. वर्षानुवर्षं तापून ते लाकडासारखं कडक होतं आणि मग बोल्ट कितीही आवळा, तेल वाट काढतंच. उलट जास्त आवळलं तर कव्हर वाकतं. आमचंही थोडं वाकलं होतं. मिस्त्रींनी ते काचेवर पालथं ठेवून कुठे हलतं ते बघितलं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हळूहळू ठोकून सरळ केलं.

आधी इंजिनाच्या उघड्या भागावर स्वच्छ कापड अंथरलं, पॅकिंगचा तुकडा आत पडला तर पंचाईत. मग हेडला चिकटलेला जुना भाग प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडला. स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. त्याचा एक ओरखडा म्हणजे तेलाला नवी वाट. सिलिकॉन लावलं ते फक्त कोपऱ्यांत, तांदळाच्या दाण्याएवढं. ते भरमसाठ लावलं की जास्तीचं आत सुटून पडतं आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकू शकतं.

नवं पॅकिंग बसवून नाना बोल्ट घ्यायला लागले, तर मिस्त्रींनी हात धरला. "थांबा. कारण काढलं का?"

टॅपेट कव्हरवरून एक रबरी पाइप हवेच्या पाइपला जातो, तो ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा जळका वायू कायम खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतो. जुन्या इंजिनात जास्तच. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे हा पाइप. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथे कच्चं असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. आमचा पाइप मिस्त्रींनी उलटा धरून झटकला. आतून पिवळट, लोण्यासारखा गाळ निघाला. तेल आणि वाफेचं पाणी घुसळून झालेला. पलीकडून उजेड दिसेना, इतका भरलेला.

नवं पॅकिंग घालून हा पाइप तसाच ठेवला असता, तर पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा इथेच असतो.

पाइप डिझेलनं धुतला, वाळवला, बसवला. बोल्ट आधी सगळे हातानं लावले, मग मधून सुरुवात करून कडेला जात, आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. मिस्त्री सांगत होते, "पॅकिंग दबलं एवढंच बघा, ताकद दाखवू नका." शेवटी तेलाची पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये आणली.

(पडद्यावर : सलग तीन सकाळी. तोच पुठ्ठा.)

पहिल्या सकाळी तीन डाग. माझा चेहरा पडला. नाना म्हणाले, सांध्यात आधीचं साचलेलं आहे, ते निथळणारच. दुसऱ्या सकाळी एक. त्या दिवशी गाडी भरून लासलगावला गेली आणि रिकामी परत आली.

तिसऱ्या सकाळी नानांनी पुठ्ठा ओढला, उजेडाकडे धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. मग डागांची बाजू खाली केली, कोरी वर, आणि पायानं तो पुन्हा गाडीखाली सरकवला.