सातबाऱ्यावरची लक्ष्मी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे सातबाऱ्याबद्दल. घरातल्या बाईचं नाव त्या उताऱ्यावर आहे का, आणि असलं तर नेमकं कुठल्या रकान्यात आहे, एवढाच आजचा विषय.

निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागण, गुरांचं वैरणपाणी कोण करतं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या देशात खेड्यापाड्यांतल्या दर चार कामकरी बायकांपैकी तीन शेतीत राबतात. पण २०१५-१६ ची कृषी गणना पाहा. वहितीदारांमध्ये, म्हणजे शेती ज्यांच्या नावाने नोंदली आहे त्यांच्यात, बायका शंभरात जेमतेम चौदा. पुन्हा सांगते: कामाला चारांत तीन, कागदावर शंभरात चौदा. आणि पीककर्ज, पीकविमा, ठिबकचं अनुदान, किसान सन्मान निधी, सगळं चालतं ते कागदावर. घरधनी गेला की दुसऱ्या दिवसापासून शेत तीच कसते, पण सोसायटीच्या दारात तिला विचारतात, उतारा कुणाच्या नावचा?

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही. एकट्या सीतामाईचं मंदिर. गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी. रामाने टाकलेली सीता पोटुशी होती, ती या रानात आली. लवकुश इथेच जन्मले. बाळंतीण बाई, अंगात त्राण नाही, दोन लेकरं पदरात. तिने गावात पसाभर गहू मागितला. पसाभर, जास्त नाही! कुणी दिला नाही. रामाने टाकलेल्या बाईला कोण देणार? तेव्हा सीतामाई बोलून गेली की या गावात गहू पिकणार नाही. आणि म्हणतात, रावेरीत खरंच गहू होत नसे. आजूबाजूच्या शिवारात व्हायचा, रावेरीत नाही. संकरित बियाणं आलं तेव्हा कुठे तो तिथे उगवला. तेव्हा गावकरी म्हणाले, सीतामाईने शाप मागे घेतला.

आता ही गोष्ट नीट ऐका. सीता राजाची लेक, राजाची सून, राजाची राणी. दोन राज्यं तिच्या दोन बाजूंना. आणि घराबाहेर काढल्यावर तिच्या हक्काची हातभर जमीन कुठेही नव्हती. ना सासरी, ना माहेरी.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी हे नेमकं इथेच बोट ठेवायचे. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, लाखांच्या संख्येने बायका आल्या. त्याआधी कांद्याच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेल्याही त्याच. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' हाती घेतली. जोशी गावोगाव पुरुषांसमोर उभे राहायचे आणि हिशेब मांडायचे. सरकार तुमच्या घामाचं मोल देत नाही म्हणून तुम्ही लढता. मग तुमच्या घरातल्या लक्ष्मीच्या घामाचं मोल तुम्ही दिलंत का? आणि मग सीतेची गोष्ट. रामासारख्या नवऱ्याच्या राज्यात सीतेवर ती वेळ आली, तुमच्यामाझ्यासारख्यांच्या घरात काय भरवसा? हे घरच्या लक्ष्मीचं ऋण आहे, ते फेडा. ज्या गावातले शंभर शेतकरी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त गाव म्हणून गौरवायचं. आणि पुरुषांनी ते केलं, श्रोतेहो! जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यांतलं गाजलेलं नाव. कोर्ट नाही, भांडण नाही. पुढे जोशींनीच रावेरीच्या पडझड झालेल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला.

माझं स्पष्ट मत आहे: बाईला कर्ज देऊन पापड-लोणची करायला लावणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात. पापड चांगलेच, पण एक एकर त्याहून चांगली.

सरकारनेही १९९२ साली लक्ष्मीमुक्तीची वाट कागदावर आणली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला, तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. भावाभावांचं खातं सामाईक असेल, तर आधी वाटप करून घ्या.

आता वारसाची नोंद. वडील किंवा नवरा गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसांनी कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-नाती-पत्ते, शपथपत्र. ऑनलाइन करायचं तर ई-हक्क प्रणाली आहे. आधी वारस नोंदवही, मग फेरफार, मग नऊ नंबरची नोटीस. हरकतीला पंधरा दिवस. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. चूक होते ती इथे: शपथपत्रात मुलींची नावंच लिहीत नाहीत. 'त्या दिल्या घरी सुखी आहेत.' असं वगळणं म्हणजे खोटं शपथपत्र, दुसरं काही नाही.

उतारा हातात घ्या आणि दोन गोष्टी शोधा. पहिली: मालकाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का? म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं आणि बाकीचे वारस त्या तीन अक्षरांमागे दडलेले असतात. मालक तो एकटा नाही. अर्ज करून सगळ्या वारसांची नावं लावता येतात. दुसरी: आईचं, बहिणीचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात आहे, की 'इतर हक्कात'? जुन्या नोंदींत बायकांना सर्रास इतर हक्कात टाकलेलं आहे. त्या रकान्यातल्या नावावर कर्ज मिळत नाही. पुन्हा सांगते: नाव आहे का एवढंच पाहू नका, कुठल्या रकान्यात आहे ते पाहा.

कायद्याचं थोडक्यात. वडिलांची स्वकष्टाची चार एकर असेल, मृत्युपत्र नसेल, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी असेल, तर चौघांना एकेक एकर. हे हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो अडसर गेला, आणि वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टामार्फत वाटप झालं असेल, तर ते उकरता येत नाही.

आणखी एक अडचण नावाची. वारसनोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. अनुदान अडकतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली प्रसिद्धी जपून ठेवा. खरं तर लग्नात मुलीचं नाव बदलायची गरजच नाही, असं मला ठामपणे वाटतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता आईचंही नाव येतं. आईने तरी नाव एकच ठेवावं!

हक्कसोडपत्राबद्दल, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाबद्दल, बहिणींना सांगते. तेराव्याला, राखीला, गर्दीत कुठेही सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोड तोंडी परत घेता येत नाही. फसवून घेतलं असेल, तर कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो. आणि खुशीने सोडायचंच असेल, तर आधी उतारा मागवा, आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत काय ते बघा, मग सही करा.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह. नोंद नामंजूर झाली, तर आदेशाची प्रत मागून साठ दिवसांत प्रांत कार्यालयात अपील करता येतं. त्यासाठी आदेशाची नक्कल लागते.

नमस्कार.