फेस बसेपर्यंत

(दृश्य: शेणानं सारवलेलं अंगण, निळा ड्रम, काठावरून ओघळणारा पांढरा फेस.)

वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. बचत गटाच्या बाया भांडी घासायचं लिक्विड करताहेत. ड्रम अर्धाच भरलाय, पण फेस अंगणात उतू चाललाय.

"अवो माय, दुधावानी चाल्लं हे!"

गंमत म्हणजे विकला जातो तो हाच फेस. भांड्यावर फेस दिसला नाही की गिऱ्हाईक म्हणतं, पाणी घातलंय. फेस जास्त म्हणून भांडं जास्त स्वच्छ निघतं असं काही नाही, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

रडगाणं बाटलीचं आहे. अर्ध्या लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावलं, तर सकाळी दोन बोटं रिकामी. फेस बसला, माल कमी दिसला.

(दृश्य: चमच्यावरून तार धरून सुटणारी घट्ट पेस्ट.)

ही एसएलईएस, म्हणजे या लिक्विडातलं फेस करणारं, मळ काढणारं रसायन; सत्तर टक्क्यांची पेस्ट. तिच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा आत शिरला की हे रेणू त्याच्याभोवती कोंडाळं करतात आणि तो लवकर फुटत नाही. हवा आत नेतो कोण? ढवळणारा हात.

गटातल्या सगळ्यात जुन्या ताईंनी आधी रवीच काढून घेतली.

"हे ताक नोहे. घुसळाचं नाई, हळू घाटाचं."

लाकडी फळी तळाशीच फिरते, वर येत नाही. पाणीही धो-धो नाही, ड्रमच्या भिंतीवरून सोडायचं. पेस्ट रात्रभर पाण्यात भिजू दिली तर सकाळी ढवळायचं काम निम्मं होतं.

मागे एकदा त्यांनी तेलही टाकून पाहिलं. तुरीची डाळ उतू जाऊ नये म्हणून थेंबभर तेल टाकतात ना, तसं. इथे फेस हललाही नाही. साहजिक आहे, तेल गिळणं हेच तर या लिक्विडचं काम! सिलिकॉनचं डिफोमर, म्हणजे फेस मारणारं औषध, चालतं, पण ते थेंबांनीच. जास्त पडलं तर लिक्विड गढूळ होतं आणि गिऱ्हाइकाच्या हातातला फेसही मरतो. ताई ते फारसं वापरतच नाहीत.

(दृश्य: मिठाची परात, झाकून ठेवलेली.)

खरी चूक मिठाची होती. मिठानं लिक्विड घट्ट होतं, म्हणून ते सुरुवातीलाच पडायचं. पण घट्ट लिक्विडात बुडबुडे अडकून बसतात, वर यायला त्यांना दिवस लागतो. आता लिक्विड पातळ असतानाच रात्रभर झाकून ठेवतात. फेस बसला की सकाळी मिठाचं पाणी, तेही थोडं थोडं. हात सैल सुटला तर लिक्विड उलट पातळच होतं.

(दृश्य: बाटलीच्या तळाला टेकलेली नळी.)

भरतानाही नळी तळापर्यंत. लिक्विड खालून वर चढतं, नळी त्याच्याबरोबर वर सरकते. ताई बाटली उजेडात धरतात, डोळे बारीक करतात, आणि बूच लावायच्या आधी अजून थोडा वेळ तशीच ठेवतात.