एकावर एक फ्री

सकाळचे सहा वाजलेत, गाव भिलार, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं. धुकं एवढं की स्ट्रॉबेरीचा पुढचा बेड, म्हणजे उंच वाफा, दिसत नाही, नुसता देठ खुडल्याचा टिक टिक आवाज येतोय. स्ट्रॉबेरी ओढून काढायची नसते, देठाला नख लावायचं, हिरवी टोपी फळावरच राहिली पाहिजे. आणि ऊन चढायच्या आत उरकायचं, कारण तापलेलं फळ गाडीत बसलं की संध्याकाळपर्यंत पाणी सुटतं.

हा मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरलेलं प्लास्टिक, खाली ठिबकची नळी. पण रोपाची गोष्ट इथं सुरू होतच नाही. मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं करायची ती, येतात कॅलिफोर्नियातून, पावसाळ्याच्या तोंडावर, मग त्यांना रनर फुटतात, म्हणजे वेलीसारखे लांब फुटवे, ते पिशव्यांत रुजवायचे आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात इकडं बेडवर लावायचे. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोजा... जातींची नावं ऐकून वाटतं इंग्लिश पिक्चर लागलाय. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळाला, तो काय दिसत नाही, दिसतात ते हे हात.

ही पॅकिंग शेड. वजनकाट्यावर २०० ग्रॅमचं पनेट, म्हणजे फळांची छोटी डबी, दोन फळं काढ, एक घाल, परत बघ. वर एकसारखा माल, टोकं एका बाजूला. लांबच्या मार्केटसाठी फळ पाऊण लालच तोडतात, कारण पूर्ण पिकलेलं पोचेपर्यंत मऊ पडतं. आणि तोडल्यावर स्ट्रॉबेरीचा रंग चढतो, गोडी नाही चढत. शहरात आंबट का लागते ते कळलं ना.

आता मुंबई, सुपरमार्केट. दारातच लाल डोंगर, वर पिवळी पाटी, एकावर एक फ्री, आणि अगदी हाताशी क्रीमचे खोके, ते मात्र फुल रेटनी. जानेवारी-फेब्रुवारीत माल एकदम येतो, टिकतो दोन-चार दिवस, मग पाटी लावून हलवायचा, शिवाय स्ट्रॉबेरीसाठी आत आलेला माणूस नुसती स्ट्रॉबेरी घेऊन थोडीच जातो.

माल वाढला की गावात येणारी पट्टी, म्हणजे मालाचे शेतकऱ्याच्या हाती पडणारे पैसे, उतरते, रोपांची उधारी तेवढीच राहते.

परत भिलार, धुकं गेलंय. तोडणीच्या मावशींना विचारलं, तुम्ही खाता का हो? हसल्या, आणि बेडवरची एक पूर्ण लाल झालेली, गाडीला न चालणारी, तोंडात टाकली.