शिवा काशीद : एका रात्रीचे राजेपण

कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे वीस किलोमीटरवर पन्हाळगड उभा आहे. आषाढात येथे ढग इतके खाली उतरतात की तटावरून पायथ्याचे नेबापूर दिसेनासे होते. याच नेबापूरचे शिवा काशीद. व्यवसायाने नाभिक असलेला हा माणूस १६६० सालच्या एका रात्री छत्रपती शिवाजी महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि ती पालखी शत्रूच्या हाती लागली. या भागात आजही त्यांना ‘प्रतिशिवाजी’ म्हणतात.

कल्पित साम्राज्यांच्या कथांत राजासारखा दिसणारा माणूस हमखास भेटतो. त्याला लहानपणीच हेरून राजवाड्यात आणलेले असते. राजाची चाल, बोलणे, जेवणाखाण्याच्या सवयी आणि स्वाक्षरीसुद्धा त्याच्याकडून घोटून घेतलेली असते. पुढे राजा मरतो किंवा परागंदा होतो, तो माणूस सिंहासनावरून उठायला तयार होत नाही, आणि कथा रंगू लागते. अशा माणसासाठी मराठीत फार जुना शब्द आहे : तोतया. १७६१ च्या पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगत एक माणूस पुढे आला. त्याला माणसे मिळाली, सैन्य मिळाले, किल्लेही मिळाले, आणि अखेर १७७६ मध्ये पेशवे सरकारने त्याला देहदंड दिला. तोतयाला दुसऱ्याचे नाव स्वतःसाठी हवे असते. ‘प्रतिशिवाजी’ हा त्याच्या अगदी उलट टोकाचा शब्द आहे, आणि तो आपल्या कोल्हापूरच्या मातीत रुजला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. तो परत घेण्यासाठी विजापूरच्या आदिलशाहीने सिद्दी जौहरला धाडले. त्याच्याबरोबर अफझलखानाचा मुलगा फाजलखान होता, आणि राजापूरच्या वखारीतील इंग्रजही तोफा घेऊन आले. महाराज गडावर अडकले. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडेल, ही आशाही फोल ठरली. चार महिने उलटून गेल्यावर महाराजांनी शरणागतीची बोलणी लावली आणि त्यामुळे पहारे थोडे सैलावले. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै रोजी, महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की त्या रात्री पालख्या दोन होत्या.

इथे चेहऱ्याचे साम्य किती उपयोगी पडते, याचा नीट विचार केला पाहिजे. १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईत झाला घराण्यातील एका सरदाराने महाराणा प्रतापांचे राजचिन्ह स्वतःवर घेतले आणि मोगलांचा मारा आपल्याकडे ओढला, अशी मेवाडची परंपरा आहे. तेथे भर दिवसा, धुमश्चक्रीत, छत्र पुरेसे ठरले, कारण दुरून पाहणारा शत्रू चेहरा पाहत नाही, चिन्ह पाहतो. पालखी पकडणाऱ्या तुकडीने मात्र पडदा सारून अगदी जवळून पाहिले असणार. पावसात भिजलेल्या मशालीच्या उजेडात जिरेटोप, दाढीची ठेवण आणि बसण्याचा आब यांवरच सारे तोलले गेले. चेहऱ्याची रेषा न् रेषा जाणणे हे तर नाभिकाचे रोजचे काम. आपल्या दाढीचा आकार कुठे कमी-जास्त आहे, हे शिवा काशीद यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक नेमके कळले असेल, असे मला वाटते.

शेवटपर्यंत ओळखू येऊ नये, अशी अपेक्षा या वेषांतराकडून कधीच नव्हती. छावणीत महाराजांना पाहिलेली माणसे होती. ओळख पटणार हे ठरलेलेच होते. ती उशिरा पटावी, एवढेच हवे होते. पालखी छावणीत नेणे, विजयाची वर्दी देणे, मग संशय येणे, खातरजमा करणे, आणि पुन्हा घोडदळ पाठलागावर सोडणे, या प्रत्येक गोष्टीत जाणारी घटका म्हणजे मसाई पठाराच्या चिखलातून महाराजांची पालखी पळवणाऱ्या मावळ्यांना मिळालेली वाट होती. राजेपणाचा तो वेळ शिवा काशीद यांनी पुरता वापरला, आणि ओळख पटताच त्यांना ठार मारण्यात आले. पुढे जौहरचा जावई सिद्दी मसूद याचे सैन्य घोडखिंडीपर्यंत पोहोचले, तेव्हा तेथे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे वाट अडवून उभे होते. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

दर वर्षी जुलैमध्ये शेकडो तरुण पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे पायी निघतात. ही लांबची वाट महाराजांच्या पालखीची आहे. दुसऱ्या पालखीची वाट फार आखूड होती. ती जौहरच्या छावणीपाशी संपली. पन्हाळ्याच्या परिसरात शिवा काशीद यांची समाधी आहे. मोहिमेला निघणाऱ्यांनी पहिले पाऊल टाकण्याआधी तेथे थोडा वेळ थांबावे.