यंत्र विकत घेण्याआधी शिफ्ट पाच वेळा दाबून बघा

नमस्कार! दिव्यांगांना कॉम्प्युटर-मोबाइल वापरताना कामी येणाऱ्या सोयी आज बघू. कॅमेरा जरा कीबोर्डवर नेते. मला ‘आई’ लिहायचंय. हा आपला मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. शिफ्ट दाबून धरायचं, कान्याचं बटण दाबायचं, ‘आ’ उमटला. परत शिफ्ट, दुसऱ्या वेलांटीचं बटण, ‘ई’ आली. अक्षरं दोनच, पण दोन्हीला एका वेळी दोन-दोन बटणं.

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, एकच हात ताब्यात असतो. त्याच्याकडून कित्येक दिवस नुसता काना आणि वेलांटी उमटायची. अक्षराचा पत्ताच नाही! आम्हाला वाटायचं, याला येत नाहीये.

आता बघा. शिफ्ट पटापट पाच वेळा दाबलं. विंडोज विचारतंय, ‘स्टिकी कीज’ चालू करू का? हो म्हणा. आता शिफ्ट दाबून सोडून द्यायचं, मग सावकाश दुसरं बटण. ‘आई’ लिहून झालं. यासाठी काही डाउनलोड केलं नाही, एक रुपया खर्च नाही. आणि हे कळायच्या आधी आम्ही एका दुकानदाराच्या नादाने महागडा जॉयस्टिकवाला माउस घेऊन बसलो होतो. तो अजून माळ्यावर आहे.

पक्षाघातानंतर एक हात गेलेल्या मोठ्या माणसांनाही हीच सोय चालते. बोट थरथरून ‘ककककक’ उमटत असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘स्टिकी कीज’च्या जवळच ‘फिल्टर कीज’ आहे, तिने चुकून पुन्हा-पुन्हा दाबलेलं बटण मोजलं जात नाही. बोट शेजारच्या बटणावर घसरत असेल, तर बटणांवर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवतात, तिला कीगार्ड म्हणतात. लेझरवर नेमप्लेट कापणाऱ्याला नीट मापं दिलीत, तर तोही करून देईल.

दिसत नसेल तर एनव्हीडीए. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलं. फुकट आहे, मराठीही वाचतं. आवाज यंत्रमानवासारखा, पहिले चार दिवस वैताग येतो. सरावलेली मंडळी मात्र तो इतक्या वेगात ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. अडचण वेगळीच आहे. शाळेच्या नोट्स कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर आपल्याला मराठी दिसतं, पण खाली साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए तीच वाचतं, कानावर नुसती अगम्य बडबड. सरांना सांगा, नोट्स युनिकोडमध्ये द्या, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. संकोच नको, हक्काचं मागणं आहे.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं ‘जेलो’ ॲप आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेलं, मराठीतही. ऐकू कमी येत असेल तर अँड्रॉइडवर ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ समोरच्याचं मराठी बोलणं लिहून दाखवतं.

पण यातलं काय लागेल, हे शेजारी बसून बघणारं माणूस लागतं. माझ्या मते खरी मदत तीच, सॉफ्टवेअर नंतर. हातापायाचा प्रश्न असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, आधी गाठा. दृष्टीसाठी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं रिसोर्स सेंटर आणि वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. मुंबईबाहेर असाल तर समाजकल्याण कार्यालयात जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राची चौकशी करा. मूल शाळेत असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक भेटतात.

पैशाचं थोडक्यात. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे, त्यात साधनं मिळायला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, उत्पन्नाची अटही आहे. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारलंत तर ‘पुढच्या महिन्यात या’ ठरलेलं!

आणि केंद्रात जाताना एक करा. घरी मूल मोबाइलवर, कॉम्प्युटरवर बसलेलं असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, खुर्ची-टेबलासकट. नव्या जागी मुलं बुजतात. आमच्या भाच्याने तर पहिल्या भेटीत हात खिशातून बाहेरच काढला नव्हता.